स्वतःच्या कामासाठी रोज अर्धा तास, की आठवड्यातून एक लांब बैठक?

रंकाळाकाठ
घरातल्या जुन्या मोडी कागदांचे लिप्यंतर मी रोज पहाटे, घर जागे होण्याआधी, अर्धा तास करते. मोडीत आधी ओळभर शिरोरेखा ओढून मग तिच्याखाली अक्षरे लिहीत आणि शब्दांमध्ये अंतर सोडत नसत. त्यामुळे लिहिणाऱ्याचे वळण डोळ्यांत बसल्याखेरीज शब्द सुटत नाहीत. आठ दिवस खंड पडला की तेच वळण पुन्हा परके वाटू लागते. नोकरी आणि संसार सांभाळून हाती घेतलेले काम तडीस न्यायचे असेल, तर ते थोडे का होईना, पण रोज झालेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

उद्यमनगरकर
आपले म्हणणे कागदाच्या कामाला लागू पडेल, लोखंडाच्या नाही. मी सुटीच्या दिवशी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये वाफेच्या इंजिनाचे छोटे मॉडेल करतो आहे. लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, चार जबड्यांच्या चकमध्ये (पकडीत) जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, धरायचा, तो मध्यापासून किती सरकला आहे हे दाखवणारा डायल लावायचा आणि एकेक जबडा सैल-घट्ट करत जॉब मध्यावर आणायचा, एवढ्यातच अर्धा तास निघून जातो. शिवाय शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेल्या माणसाला पहाटेचा नेम कसा जमणार? नेम मोडल्याची टोचणी लागून माणूस शेवटी कामच सोडून देतो.

बिंदू चौक
टोचणीची भीती अनाठायी आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, पण व्यक्तीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलतो, असा त्यांचा अंदाज होता. आणि एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडत नाही, असेही त्यांना आढळले. अर्थात त्या सवयी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या.

रंकाळाकाठ
पाळीची अडचण खरी आहे, म्हणून नेम घड्याळाला न बांधता पाळीनंतरच्या आंघोळीला बांधावा. ड्रॉइंग तपासणे, पुढच्या कामाचा क्रम लिहून ठेवणे, हे घरीही होते. मग सुटीच्या दिवशी पहिला तास 'आज काय करायचे' या विचारात जात नाही.

उद्यमनगरकर
क्रम लिहून ठेवावा, हे पटले. रोज बसावे, हे नाही. पिस्टनचे नेमके माप सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कोरून, मोजल्यावरच ठरते. तोवर रोज त्याच ड्रॉइंगसमोर बसण्यापेक्षा मी झोप पुरी करीन आणि रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लेथवर उभा राहीन.