'एल दिया दे ला बेस्तिया' वेंगुर्ल्यात दाखवायचाय: आधी काय सांगावं, सबटायटल्स कशी जुळवावीत?

वेंगुर्ल्याचा पडदा:
नाताळच्या आठवड्यात आमच्या फिल्म क्लबतर्फे दिग्दर्शक आलेक्स दे ला इग्लेसियाचा १९९५ चा 'एल दिया दे ला बेस्तिया' दाखवायचं ठरतंय. अंगणात पडदा, साधारण ६० प्रेक्षक, सगळे १८ वर्षांवरचे. परवानगीचं काम वेगळं चालू आहे. निम्म्या मंडळींनी स्पॅनिश सिनेमा कधी बघितलेला नाही. या सिनेमाची गंमत नेमकी कशात आहे, आणि सुरुवातीला दोन मिनिटं बोलायचं तर काय बोलावं? दुसरं, मराठी सबटायटल्स आम्हीच केलीयत. ती पहिल्या दृश्याला जुळतात आणि मग हळूहळू मागे पडत जातात. हे कसं दुरुस्त करायचं?

संकासूर:
गंमत पाद्र्याच्या गांभीर्यात आहे. आलेक्स आंगुलो या नटाने फादर आंखेल एकदाही 'विनोदी' केलेला नाही. या फादरने बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातून तारीख सोडवलीय: २५ डिसेंबर १९९५ ला माद्रिदमध्ये ख्रिस्तविरोधक जन्माला येणार. जागा कळायची तर सैतानाची मर्जी मिळवायला हवी, आणि मर्जी मिळवायची तर पापं करायला हवीत. झालं! जन्मभर देवाचं केलेला हा बुटका, टकलू माणूस शहरात उतरतो आणि गृहपाठ केल्यासारखा मन लावून पापं करत सुटतो. रस्त्यावरच्या मूकनटाला ढकलतो, मरायला टेकलेल्याचं पाकीट काढून घेतो.

आपल्याकडे हे समजायला दशावतारी नाटकातला संकासूर पुरे. नाटकाआधीच्या आडदशावतारात तो वेद पळवतो, म्हणजे खराखुरा असुर, पण मालवणीत बोलून अख्ख्या देवळासमोरच्या गर्दीला हसवतो. फरक एवढाच की आपण हसवतोय हे संकासुराला ठाऊक असतं, फादरला नाही.

म्हणून 'विनोदी सिनेमा आहे' असं सांगून सुरू करू नका. लोक पहिल्या मिनिटापासून विनोद शोधत बसतात आणि चर्चमधला तो अवाढव्य क्रूस कोसळतो तो क्षण वाया जातो.

बोलायचंच तर नाताळच्या गोठ्याबद्दल बोला. तारा बघून तिघे राजे बाळाला शोधत येतात. इथेही तिघेच: फादर, रेकॉर्डच्या दुकानातला हेवी मेटलवेडा होसे मारिया (सान्तियागो सेगुरा) आणि टीव्हीवरचा भोंदू प्रोफेसर कावान. शोधतायत बाळच, पण मारायला. आणि माद्रिदच्या प्लासा दे कास्तिया चौकातल्या, सिनेमात सैतानाची खूण ठरणाऱ्या दोन कललेल्या मनोऱ्यांबद्दल एक वाक्य सांगाच. ते खरे आहेत, एकमेकांकडे १५ अंशांनी झुकलेले, आणि चित्रीकरणाच्या वेळी पुरते बांधूनही झाले नव्हते. हे माहीत नसलं तर लोकांना सेट वाटतो, आणि मग सैतानाची खूण रोजच्या शहरातच उभी होती यातली भीती हातची जाते.

बेघर आणि परदेशी लोकांना मारत फिरणाऱ्या टोळीबद्दल मात्र अवाक्षर काढू नका. तिघे शेपटीचा सैतान शोधत पळत असतात आणि ती टोळी त्यांच्या बाजूनेच जात असते. ते ज्याचं त्याला दिसू दे.

खाजणकाठ:
मागे पडत जातात म्हणजे घोळ वेगाचा आहे, सुरुवातीचा नाही. युरोपातल्या डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेमच्या, ब्लू-रे सहसा २४ च्या. साधारण १०३ मिनिटांचा हा सिनेमा २५ वर ९९ मिनिटांत संपतो. तुमची सबटायटल्स २४ वर बांधलेली आणि व्हिडिओ २५ चा असणार. तसं असेल तर ६० व्या मिनिटाची ओळ ५७ मिनिटं ३६ सेकंदांना यायला हवी. व्हीएलसी प्लेयरमध्ये जी आणि एच दाबून भागणार नाही, त्याने सगळ्या ओळी सारख्याच सरकतात. सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट २४ वरून २५ करा, मग पहिला आणि शेवटचा संवाद तपासा. पहिला जुळला आणि मधूनच कुठेतरी एकदम चुकायला लागलं तर तुमच्या प्रतीत काटछाट असू शकते.

फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. प्रोजेक्टरला थेट पेनड्राइव्ह लावणार असाल तर आधी एक ओळ चालवून बघा. बऱ्याच यंत्रांना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत: 'ख्रिस्त'चे तुकडे पडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. तसं दिसलं तर हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून सबटायटल्स चित्रातच छापून घ्या, वाद नको.

वेंगुर्ल्याचा पडदा:
वेग बदलला, जुळलं! आभार, भाऊ. आता होसे मारियाचे संवाद. त्याला मालवणी दिली तर?

काजूबोंड:
द्या, पण त्याला आणि त्याच्या आईलाच. रोसारिओच्या, म्हणजे तेरेले पावेसच्या तोंडी 'शिरा पडली तुझ्या तोंडार' जसं बसेल तसं पुस्तकी भाषांतर बसणार नाही. फादरला प्रवचनाची मराठी ठेवा, 'आपण', 'कृपया' सकट. तो शिव्या घालतो तेव्हाही त्याची भाषा सैल करू नका.

गावाचं नाव बदलायचं नाही. तू सैतानाचा भक्त का, असं विचारल्यावर होसे मारिया हो म्हणतो आणि वर काराबांचेलचा असल्याचंही ऐटीत सांगतो. काराबांचेल ही माद्रिदच्या दक्षिणेकडची कष्टकऱ्यांची वस्ती. तिथे 'कुडाळचो' लिहिलंत तर हशा मिळेल, पण त्या पोराची ऐट जाईल.

मध्यंतर सैतानाला बोलावण्याच्या विधीच्या आधी घ्या. कावानच्या घरातला विधी, पोटात गेलेलं एलएसडी हे नशेचं द्रव्य, दोन पायांवर उभा राहणारा काळा बोकड आणि तिथून खिडकीबाहेर पळून माद्रिदच्या ग्रान बिआ रस्त्यावरच्या श्वेप्स या पेयाच्या निऑन पाटीला लोंबकळणं, हे सगळं एका दमात बघायचं आहे. मध्ये चहा आला की बोकड खरा की नशेतला, हा प्रश्नच विरून जातो.

जवळजवळ सगळा सिनेमा रात्रीचा आहे. पडद्यावर रस्त्याचा दिवा पडत असेल तर काळोखाचा राखाडी होतो, बोकड दिसणारच नाही. साडेसातच्या आधी सुरू करू नका, दिव्याच्या बाजूने ताडपत्री ओढा, आणि प्रोजेक्टर उघड्यावर ठेवू नका, डिसेंबरात दहानंतर दव पडतं.