एअर फ्रायरमधला रसदार स्टेक : जमला असो वा फसला, अनुभव सांगा

मंडळी, सुरुवात मीच करते, कारण फजिती माझीच आहे. गेल्या रविवारी दोन बोटं जाडीचा सुरेख स्टेक, म्हणजे मांसाचा जाड काप, आणला, एअर फ्रायर २०० अंशांवर लावला, कुठेतरी वाचलं होतं म्हणून पंधरा मिनिटं ठेवला आणि बाहेर काढली ती चपलेची टाच. वरून राखाडी, कडेने राखाडी, कापला तर मधोमधही राखाडी. घरातल्यांनी नावं ठेवली नाहीत. पण जेवताना कोणी बोलतही नव्हतं, सगळे नुसते चावत होते. शेवटी लेक म्हणाली, "आई, हा घास गिळायचा असतो की नुसता चघळायचा?"

याच यंत्रात बाकी सगळं छान होतं, तेव्हा दोष माझ्याकडेच असणार. ज्यांना जमलंय त्यांनी कसं ते सांगा, ज्यांचं फसलंय त्यांनी कुठे ते तर नक्की सांगा. नुसतं "मस्त होतो हो" नको. जाडी किती, तापमान किती, काय दिसलं, कसला वास आला, असं सांगा.

*

पंधरा मिनिटं म्हटल्यावर पुढचं वाचायची गरजच उरली नाही. हसत नाहीये, मी अठरा ठेवला होता.

मी वर्षभर मिनिटं मोजत बसलो. फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली होती : इतकी जाडी, इतकी मिनिटं. एकदा उत्तम व्हायचा, पुढच्या वेळी तीच मिनिटं लावून लाकूड. कारण अगदी साधं आहे. प्रत्येक यंत्राचा पंखा वेगळा, जाळीचा आकार वेगळा. एक तुकडा ठेवला तर हवा मोकळी फिरते, तीन ठेवले तर एकमेकांची वाट अडवतात. आणि अडीच सेंटीमीटरचा स्टेक नि साडेतीन सेंटीमीटरचा स्टेक हे वेगवेगळे प्राणी समजायचे.

मग टोचायचा थर्मामीटर घेतला आणि चिठ्ठी फाडून टाकली. माझा रिवाज असा : यंत्र पाच मिनिटं रिकामं तापवायचं, २०० अंशांवर अडीच सेंटीमीटरचा तुकडा ठेवायचा, चार मिनिटांनी उलटायचा आणि सातव्या मिनिटापासून दर मिनिटाला टोचून बघायचं. मधोमध ५२ आला की बाहेर. ताटलीत पाच-सहा मिनिटं ठेवला की तो आपोआप ५५-५६ वर जातो, कारण बाहेरची धग आत सरकतच असते. हे "आपोआप" मला फार उशिरा कळलं. मी ५६ ला काढायचो आणि खाताना तो साठीला टेकलेला असायचा. साधारण ६० च्या पुढे तंतूंभोवतीचं आवरण आकसायला लागतं आणि ओला पंचा पिळावा तसं आतलं पाणी बाहेर येतं. ते ताटलीत दिसतं, तोंडात लागत नाही.

एक फजितीही सांगतो. पहिल्या दिवशी मी सुई वरून उभी खुपसली. ती आरपार गेली नि खालच्या तापलेल्या जाळीला टेकली. आकडा झरझर ७० वर. मी विजयी मुद्रेने स्टेक काढला, कापला, तर आतून थंडगार. सुई कडेने, आडवी, जाडीच्या बरोबर मध्यावर गेली पाहिजे. हाड असेल तर त्यापासून लांब.

*

एक सेंटीमीटरचा पातळ स्टेक एअर फ्रायरमध्ये घालूच नका. वर रंग यायच्या आत आत खडखडीत झालेला असतो. त्याला कडकडीत तवा आणि दोन मिनिटं. संपलं.

*

राखाडी रंगाचं मला बोलू द्या, कारण माझं सगळं भांडण त्याच्याशीच होतं. आतून बरा व्हायचा, पण वरून उकडल्यासारखा. खमंगपणा नावाला नाही.

झालं असं की मी पाकिटातून काढून तसाच ओला ठेवत होते. पृष्ठभागावर पाणी असेतोवर तिथलं तापमान १०० च्या आसपासच अडकून राहतं, आणि तो तपकिरी खरपूसपणा नीट यायला साधारण १४० तरी लागतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये मांडलेली ही अभिक्रिया, पावाच्या कवचाला रंग येतो तो हिच्यामुळेच. म्हणजे माझ्या यंत्राची निम्मी ताकद पाणी उडवण्यात जात होती आणि तोवर आतलं मांस शिजून मोकळं.

आता आदल्या रात्री मीठ लावते. नीट बघितलंत तर गंमत दिसते : पाच मिनिटांत मीठ ओलं होतं, दहा मिनिटांत वर घामासारखे थेंब जमतात, एकमेकांत मिसळून चकचकीत थर होतो. नेमक्या याच वेळी भाजायला घेतलं तर सगळ्यात वाईट. धीर धरला तर पाऊण तासात तेच खारट पाणी परत आत मुरायला लागतं. मी तसाच उघडा, जाळीवर, फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी हात लावला तर पृष्ठभाग कोरडा, किंचित चिकट, रंगाने गडद. असा तुकडा, वर बोटाने चोपडलेलं थेंबभर तेल, आणि एअर फ्रायर. रंग येतो.

रात्रभर वेळ नसेल तर मीठ अगदी शेवटच्या क्षणी लावा आणि त्याआधी कागदी रुमालाने टिपा. टिपा म्हणजे खरंच दाबून टिपा, वरवर पुसू नका.

*

धुराबद्दल कोणीच बोललं नाही? मग मी भाग्यवान.

चरबीचा जाड पट्टा असलेला रिबआय, म्हणजे बरगडीजवळचा काप, होता. सहाव्या मिनिटाला मागच्या जाळीतून निळसर धूर, आठव्याला धुराचा भोंगा कोकलायला लागला आणि मी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतेय. खाली ठिबकलेली चरबी तापलेल्या तळावर जळत होती. आता जाळीखालच्या भांड्यात दोन-तीन चमचे पाणी घालते, धूर जवळजवळ बंद. आणि आधीच्या पदार्थाचं तेल तळाशी राहिलेलं असेल तर ते आधी धुवा, माझा निम्मा धूर शिळाच होता.

लोणी आधी लावू नका, हेही त्याच दिवशी कळलं. त्यातला दुधाचा अंश लवकर करपतो. लसूण ठेचून लोण्यात कालवायची आणि स्टेक बाहेर काढल्यावर वर गोळा ठेवायचा.

*

लोणी-लसणाला माझं अनुमोदन. मॅरिनेडमध्ये (मांस मुरवायच्या मसाल्यात) मध किंवा साखर असेल तर २०० अंशांचं नावच काढू नका, एवढंच जोडतो.

*

मी थोडं वेगळं बोलणार आहे. एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेली छोटी भट्टी. फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र दाखवलं तेव्हा त्याचं कौतुक कमी तेलातल्या बटाट्याच्या कापांसाठी होतं, स्टेकसाठी नव्हे. हवा उष्णता देते ती धातूच्या मानाने फारच हळू. २०० अंशांच्या भट्टीत क्षणभर हात घालता येतो, २०० अंशांच्या तव्याला लावून बघा. म्हणजे नकोच लावू. त्यामुळे हवेकडून तव्याचं काम करून घेण्याचा हट्ट मी सोडला.

चार सेंटीमीटर जाड तुकडा घेतो. एअर फ्रायर फक्त १२० अंशांवर. मधोमध ४६-४८ होईपर्यंत, माझ्याकडे पंचवीस मिनिटांच्या आसपास. या वेळी तो दिसतो भयंकर, पाहुण्यांना दाखवू नये असा. पण पंख्याने वरचा थर खणखणीत कोरडा झालेला असतो, आणि हवा सौम्य असल्यामुळे आत काठापासून मध्यापर्यंत एकसारखा गुलाबी. मग धूर सुटेल इतका तापलेला बिडाचा तवा, प्रत्येक बाजूला पाऊण ते एक मिनिट, आणि चिमट्यात उभा धरून चरबीची कडही तव्याला टेकवायची. ती कड विरघळताना जो चरचर आवाज येतो, त्यासाठी मी हा सगळा खटाटोप करतो असं घरी म्हणतात. खोटं नाही.

आणि हो, "आधी तव्यावर भाजून घेतलं की रस आत कोंडला जातो" असं कोणी लिहायच्या आत सांगतो : तसं होत नाही. ही समजूत एकोणिसाव्या शतकातल्या युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या मांडणीतून पसरली. भाजलेलं कवच जलरोधक नसतं. खात्री करायची असेल तर भाजलेल्या स्टेकखाली ताटलीत रस साचतो तो कुठून येतो ते बघा. भाजायचं ते चवीसाठी. रस टिकतो तो आतल्या तापमानावर.

*

तवाच काढायचा तर एअर फ्रायर कशाला, असं मला वाटलं. मी एकाच यंत्रात करते आणि समाधानी आहे. खरपूसपणा तव्याइतका येत नाही, पण एकच जाळी धुवायची असते. वर थर्मामीटरवाल्यांनी लिहिलंय तेच, फक्त स्टेक थेट फ्रिजमधून काढते. "अर्धा तास बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला आणा" हे मीही करायचे, एकदा टोचून बघितलं तर अर्ध्या तासात मध्यभाग जेमतेम काही अंशांनी सरकलेला. थंड मध्यभाग उलट आपल्या बाजूने असतो, बाहेर रंग यायला थोडा वेळ मिळतो.

*

आमच्याकडचा पेच निराळा. सासऱ्यांना गुलाबी रंग अजिबात चालत नाही. ताटलीत लाल ओघळ दिसला की ते काही न बोलता ताटली दोन बोटांनी पुढे सरकवतात. ते रक्त नव्हे, मायोग्लोबिन नावाचं स्नायूतलं प्रथिन पाण्यात मिसळून येतं, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल, पण मला नको." बरोबर आहे, खायचं त्यांना आहे.

तर पूर्ण शिजलेला तरीही न वाळलेला कसा करायचा, यावर माझे चार-पाच रविवार गेले. कमी चरबीचा टेंडरलॉइन (पाठीकडचा मऊ तुकडा) कोरडाच होतो, तो नाद सोडला. पांढऱ्या रेषांचं जाळं असलेला रिबआय घेतला, कारण आतली चरबी वितळून तोंडात ओलावा देते. तापमान १६० वर आणलं, उलटायचा दोनदा, आणि ६८ ला काढला म्हणजे मुरता मुरता ७१ ला पोचतो. रात्रीचं मीठ इथे फार उपयोगी पडलं. पातळ कापून वर त्याचाच रस आणि लोणी ओतलं. मागच्या वेळी त्यांनी दुसऱ्यांदा घेतला. बोलले काही नाहीत, पण ताटली माझ्याच दिशेने सरकवली.

*

गोठलेला स्टेक थेट टाकून पाहिला कोणी?

*

पाहिला. बाहेरून सासऱ्यांसाठी, आतून आइस्क्रीमवाल्यासाठी. आदल्या दिवशी फ्रीजरमधून फ्रिजमध्ये आणून ठेवा. घाई असेल तर पिशवी घट्ट बंद करून थंड पाण्यात, तासाभरात सुटतो. गरम पाणी नको.

*

एक सावधगिरीची गोष्ट. अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात, ते भाजताना मरतात, म्हणून आतला गुलाबी भाग बहुतेकांना चालतो. पण सुयांनी टोचून मऊ केलेलं मांस विकत मिळतं, त्यात वरचे जंतू आत ढकलले जातात. पाकिटावर वाचा. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अखंड स्टेकसाठी ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती, खिम्यासाठी ७१ अंश अशी आहे. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा वयस्कर, आजारी माणूस असेल तर मी ६३ च्या खाली जात नाही, थोडा रस गेला तर गेला.

*

धाग्यांच्या आडव्या दिशेने कापा! फ्लँक किंवा स्कर्ट (पोटाकडचे लांब धाग्यांचे तुकडे) असेल तर हे विसरलात की वरचं सगळं वाया. शिजवायच्या आधीच रेषा कुठे धावतात ते बघून ठेवा, भाजल्यावर दिसत नाहीत. माझी बहीण एका कोपऱ्याला छोटी खूणचीर देते, ती भारी युक्ती आहे.

*

पुन्हा मीच, चपलेच्या टाचेवाली. सगळ्यांचे आभार. काल दोन तुकडे आणले, तीन सेंटीमीटरचे. रात्री मीठ लावून उघडे ठेवले, आज टिपायची गरजही पडली नाही. जाळीखाली पाणी घातलं. पहिला तुकडा ५४ ला काढला, थोडा उशीरच झाला, कारण सुई कडेने घालताना हात भाजला आणि मी नळाखाली बोट धरून उभी राहिले. तरी आत गुलाबी रेघ होती, रुंद नव्हे, पण होती. काठाजवळचा राखाडी पट्टा अजून जाड वाटतो, पुढच्या वेळी तो १२० अंशांचा प्रयोग करून पाहीन. लेकीने दोन घास घेतले आणि बोलत बोलत खाल्ले, शाळेतली कुठलीशी भानगड सांगत होती, मी ऐकलीच नाही.

दुसरा तुकडा आत्ता आत आहे. ४९ दाखवतोय. ५१. उठते.