कट न घेता भूतकाळ दाखवायचा आहे: रंगमंचाची पद्धत कॅमेऱ्यापुढे कशी आणावी?

प्रश्न: धानपट्टा (वडसा परिसर)
नमस्कार. मी आमच्या गावात एक लघुपट करीत आहे. पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीवर उमेदीची वर्षे घालवलेला एक वृद्ध नट ओसरीवर बसला आहे आणि धानाची मळणी अर्धी टाकून तो नाटकाच्या दौऱ्यावर निघाला होता, ती सकाळ त्याला आठवते, असा प्रसंग आहे. नाटकात जसा प्रकाश उतरवून त्याच जागी जुना काळ उभा करतात, तसेच मला एका शॉटमध्ये, मध्ये कट न घेता म्हणजे चित्रण न तोडता, करायचे आहे. परंतु मोबाइलवर चाचणी घेतली तेव्हा दिवे मंद करताच चित्र आपोआप पुन्हा उजळले आणि आठवण सुरू झाल्याचे कोणाला कळलेच नाही.

उत्तर: नेपथ्य (गोंदिया)
दादा, चित्र उजळले त्याचे कारण कॅमेऱ्याचे स्वयंचलित एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ दिसावे ते कॅमेऱ्याने स्वतःच ठरवणे, हे आहे. प्रेक्षकाचा डोळा अंधार स्वीकारतो, कॅमेरा मात्र तो भरून काढू पाहतो. म्हणून एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार चित्राचे रंग जुळवणारी सोय) दोन्ही लॉक करूनच शॉट सुरू करावा. डिमरवर (उजेड कमीजास्त करणाऱ्या बटणावर) हॅलोजन दिवा उतरवला की त्याचा उजेड तांबूस होत जातो, आणि व्हाइट बॅलन्स लॉक असेल तर तो तांबूसपणा चित्रात टिकतो. आठवणीसाठी तो उपयोगीच पडेल. साधे एलईडी दिवे डिमरवर लावू नयेत, कारण ते कॅमेऱ्यात लुकलुकतात.

उत्तर: वैनगंगाकाठ (भंडारा)
वरील सूचना योग्य आहे, तरीही केवळ प्रकाशावर विसंबू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. स्वीडिश दिग्दर्शक आल्फ स्योबेर्ग यांनी 1951 च्या ‘मिस ज्युली’ या चित्रपटामध्ये आठवण सांगणारी व्यक्ती आणि तिचा भूतकाळ एकाच चौकटीत आणला आणि स्वीडनचेच दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांच्या 1957 च्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’मध्ये म्हातारा प्राध्यापक आहे त्याच वयात आपल्या तरुणपणीच्या माणसांजवळ उभा राहतो. दोन्ही ठिकाणी काळ बदलल्याचे आपल्याला समजते ते आठवणाऱ्या माणसाच्या तिथे असण्यामुळे. तो पाहतो आहे, पण त्याला कोणी पाहत नाही, ही वेदना कट घेतला की बरीचशी निसटते.

नाटकात प्रेक्षकाची जागा ठरलेली असते, म्हणून तिथे प्रकाशालाच नजर वळवावी लागते; सिनेमात ते काम कॅमेरा करू शकतो. अमेरिकी दिग्दर्शक जॉन सेल्स यांच्या 1996 च्या ‘लोन स्टार’मध्ये कॅमेरा बाजूला सरकतो आणि त्याच ठिकाणी जुना काळ सुरू होतो. आपणही म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून सावकाश दाराकडे वळावे. चौकटीबाहेर विंगेत उभे राहावे तसे थांबलेले तरुण कलाकार तेवढ्यात आपापली जागा घेतील. आवाज मात्र कॅमेऱ्याच्या आधी पोहोचू द्यावा: मळणीचे बैल हाकण्याची हाळी प्रथम, दार नंतर.

उत्तर: नेपथ्य (गोंदिया)
हाळीची सूचना मला फार आवडली. एवढेच जोडतो की, आजच्या काळातील प्लास्टिकची खुर्ची किंवा टीव्हीची केबल दाराजवळ राहू देऊ नये.

प्रश्नकर्ता: धानपट्टा
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. काल एक्स्पोजर लॉक करून तालीम घेतली. तरुण पत्नीची भूमिका करणारी ताई दारात उभी राहिली, तेव्हा म्हाताऱ्याची भूमिका करणाऱ्या काकांनी तिच्याकडे पाहिले आणि तिची नजर त्यांच्या अंगावरून थेट रस्त्याकडे गेली. दिवे आम्ही उतरवलेच नव्हते, तरी ती आठवण आहे हे ओसरीवरील सर्वांना कळले. आता प्रकाश अगदी थोडाच बदलणार आहे.