मजूर पक्ष उजवीकडे सरकला, तर बिघडले कुठे?

रेडिंगकर : "उजवीकडे सरकल्याखेरीज ब्रिटनमध्ये मजूर पक्षाची सत्ता टिकणार नाही, तेव्हा पुरोगाम्यांनी उगाच गळा काढू नये," असे गेल्या आठवड्यात येथे कोणी लिहिले. ते वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. जेमतेम ३४ टक्के मतांवर ४११ जागा मिळाल्या आणि त्याच जुलै २०२४ मध्ये सरकारी बालभत्ता दोनच अपत्यांपुरता देण्याच्या मर्यादेविरुद्ध मत दिले म्हणून स्वतःच्या ७ खासदारांना निलंबित केले गेले, बहुतेक वृद्धांचा हिवाळी इंधनभत्ता काढून घेतला गेला आणि पुढच्या वर्षी अपंगांच्या भत्त्याला हात घातला गेला. मे २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर स्थलांतरावर बोलताना 'अनोळखी माणसांच्या बेटा'विषयी बोलले, तेव्हा अनेकांना स्थलांतराविरुद्ध जहाल भाषण करणारा १९६८ चा इनॉक पॉवेल आठवला. नंतर इंधनभत्ता बव्हंशी परत द्यावा लागला, अपत्यमर्यादा उठवण्याची घोषणा करावी लागली आणि त्या शब्दांबद्दल स्टार्मर यांनी स्वतःच खेद व्यक्त केला. बदनामी मात्र पदरात पडली ती पडलीच, आणि मतचाचण्यांत फराज यांचा स्थलांतरविरोधी रिफॉर्म पक्ष पुढेच राहिला.

कोथरूड_ते_हॅरो : ते लिहिणारा मीच. हुजूर पक्षाच्या काळात निव्वळ स्थलांतर वर्षाला ९ लाखांवर गेले होते, याची चीड मतदारांना येऊच नये असे आपले म्हणणे आहे काय? डेन्मार्कच्या सोशल डेमोक्रॅटांनी कडक धोरण स्वीकारूनच २०१९ आणि २०२२ मध्ये सत्ता मिळवली.

रेडिंगकर : आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनीच शंभराहून अधिक वर्षे हाती असलेले कोपनहेगन गमावले, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत.

स्लाउवासी : डेन्मार्क राहू द्या, आयएलआरचे, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याचे बोला. त्यासाठी थांबायच्या ५ वर्षांची १० होणार आणि वृद्ध-आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या आम्हा केअरवाल्यांची तर १५, तीही आधीच येथे असलेल्यांना लागू करण्याचा प्रस्ताव आहे. रोस्टर लावताना, ज्यांच्या हमीवर आमचा व्हिसा आहे ते व्यवस्थापक "तुमची स्पॉन्सरशिप आमच्याकडे आहे," असे हसत ऐकवतात आणि नाताळची रात्रपाळी ठरल्याप्रमाणे माझ्याच नावावर येते. नोकरी सोडली तर नवा स्पॉन्सर शोधायला ६० दिवस, आणि सार्वजनिक निधीला हात लावायचा नाही ही अट व्हिसावर आहेच. माणसाला १५ वर्षे अशा मुठीत ठेवणे हे कामगारांच्या नावाने चालणाऱ्या पक्षाला शोभते काय?

कोथरूड_ते_हॅरो : ताई, आपल्याबद्दल सहानुभूती आहे, परंतु २००६ मध्ये ४ ची ५ वर्षे झाली आणि उच्चकुशलांच्या व्हिसावर आलेल्या आम्हा एचएसएमपीवाल्यांनाही ती लागू केली, तेव्हा आम्ही रडत बसलो नाही.

रेडिंगकर : रडत बसला नाहीत, कारण एचएसएमपी फोरम हा अशा स्थलांतरितांचा गट आपल्यासाठी न्यायालयात गेला आणि २००९ मध्ये जिंकून आला. सरकार तेव्हाही मजूर पक्षाचेच होते. स्वतः आत शिरून मागे दार लावून घेणाऱ्यांनी धीराचे धडे देऊ नयेत.

पुणे_३० : क्षमस्व, पण लोकलमध्ये परप्रांतीयांच्या नावाने बोटे मोडणारी मंडळी हीथ्रोला उतरताच पुरोगामी कशी होतात, हे कोणी समजावून सांगेल काय?

रेडिंगकर : मी तेव्हाही बोटे मोडत नव्हतो. आपण आपल्या परिचितांना विचारा.

कोथरूड_ते_हॅरो : वैयक्तिक होण्याचे कारण नव्हते. मी येथे कर भरला आहे, कोणाचे दार लावलेले नाही. नियम मागून लागू करू नयेत, एवढे आपल्या समाधानासाठी मान्य करतो. पण नव्याने येणाऱ्यांना १० वर्षे थांबावे लागले तर आभाळ कोसळणार नाही.

स्लाउवासी : या उपकाराबद्दल आभारी आहे. राष्ट्रकुलाची नागरिक म्हणून मला व्हिसावरही मताधिकार आहे. २०२४ मध्ये ते मत मजूर पक्षाला दिले, यापुढे ग्रीन पक्षाला देईन.

कोथरूड_ते_हॅरो : अवश्य द्या. फराज यांनी तर आयएलआरच रद्द करण्याचे सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले आहे. मते फुटून ते आले, की ५ आणि १० चा वाद आपोआप मिटेल.

स्लाउवासी : म्हणजे फराज यांची भीती घालून निम्मे काम स्टार्मर यांनीच उरकायचे आणि आम्ही त्यांना मत द्यायचे. हा हिशेब आपण माझ्या व्यवस्थापकांना सांगा, त्यांना फार आवडेल.