शब्दचर्चा: दाद न देणारा सर्व्हर आणि त्याचा ताबा

आमच्या लिनक्स सर्व्हरची कामपुस्तिका मराठीत आणतेय. एका प्रकरणाचं शीर्षक असं झालंय: ‘अनुत्तरदायी सर्व्हरचे निम्नस्तरीय नियंत्रण पुनःप्राप्त करणे’. रात्रपाळीला एकटा बसलेला माणूस हे वाचून काय करणार? सांगायचंय एवढंच, की सर्व्हर कशालाच दाद देत नसेल तर वीज न तोडता थेट कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रॅमला, हुकूम द्यायचा: कीबोर्डवरच्या ऑल्ट आणि सिसआरक्यू (प्रिंट स्क्रीनचीच कळ) दाबून आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरं क्रमाने, थोडं थोडं थांबत; प्रत्येक अक्षर म्हणजे एक हुकूम. शब्द सुचवा.

— ‘अनुत्तरदायी’ आधी काढा. उत्तरदायी म्हणजे जाब द्यायला बांधील. सर्व्हर बेजबाबदार आहे असा अर्थ होतो. तुम्ही सहज लिहून गेलात ते ‘दाद देत नाही’ अगदी चपखल आहे. ‘निम्नस्तरीय’ही नको. खालची पातळी म्हटलं की आपल्याकडे शिवीगाळ आठवते. कर्नेलला ‘गाभा’ म्हणा, म्हणजे ‘गाभ्यामार्फत ताबा’.

— ‘हँग झाला’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या अवस्था कोंबतो, आणि इथे तो फरक फार मोलाचा आहे. पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला, उत्तर येतंय, पण एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, आत जाता येत नाही, अशा सर्व्हरला मी ‘धुगधुगी आहे’ म्हणेन. पिंगचं उत्तर गाभा स्वतःच देतो. लॉगिनला मात्र वरचे प्रोग्रॅम हलावे लागतात, आणि मेमरी संपून सगळं स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरीऐवजी वापरायच्या डिस्कवरच्या जागेत, रुतलं की ते हलत नाहीत. गाभा जागा असेल तोवर सिसआरक्यूचा उपयोग. तोच गोठला, तर बोर्डावरच्या वेगळ्या चिपमधून, म्हणजे बीएमसीतून, वीज बंद-चालू करणं एवढंच उरतं. पुस्तिकेत हेही घाला: सिसआरक्यूचे कुठले हुकूम कीबोर्डवरून चालतील हे एका आकड्याने ठरतं; उबुंटू या लिनक्समध्ये तो मुळात 176 असतो, म्हणजे 128, 32 आणि 16 या तीन परवानग्यांची बेरीज. तेवढ्यावर बी (रीबूट), यू (डिस्क फक्त वाचण्यापुरती करणं) आणि एस (राहिलेलं डिस्कवर लिहिणं) चालतात; ई आणि आय (प्रोग्रॅम बंद करणं) चालत नाहीत. रूटचं शेल, म्हणजे सर्वाधिकारी खात्याची कमांडची खिडकी, आधीच उघडं असेल तर प्रॉक या फोल्डरमधल्या सिसआरक्यू-ट्रिगर फायलीत अक्षर लिहा, तिथे या आकड्याची अट आड येत नाही.

— एसला ‘समक्रमण’ लिहू नका. त्याने फोन आणि संगणक जुळवणं डोळ्यांपुढे येतं. इथे मेमरीत राहिलेलं लिखाण डिस्कवर उतरवायचं असतं. दुकानात तोंडी राहिलेला हिशेब वहीत चढवतात, तसं. ‘डिस्कवर चढवणे’ कसं वाटतं? ईला ‘आवरतं घ्या’, आयला ‘उचलबांगडी’.

— उचलबांगडी म्हटलं की बदली झालेला अधिकारी आठवतो. प्रोसेस दुसरीकडे कुठे जात नाही, संपते.

‘डिस्कवर चढवणे’ घेतलं. ‘आवरतं घ्या’ तर फारच आवडलं, कारण ईनंतर थांबायचं कशासाठी हे त्यातच कळतं: डेटाबेसला आपल्या फायली नीट मिटायला वेळ हवा. आयला साधं ‘जबरीने बंद’. बी स्वतः डिस्कवर काहीच चढवत नाही, लगेच रीबूट करतो, म्हणून ‘तडक रीबूट’ लिहून एस आणि यू त्याआधीच, असं ठळक करते. शीर्षक: ‘दाद न देणाऱ्या सर्व्हरचा गाभ्यामार्फत ताबा’. त्याखाली पहिली ओळ: ‘आधी पिंग करून धुगधुगी आहे का पाहा.’