ट्रेलरच्या छतावरचा अँटेना : दिवा लागतो, पण चित्र तुटते

प्रश्न – भटकंती

आमच्या प्रवासी ट्रेलरच्या छतावर दांडा फिरवून वर उचलायचा, पंखांच्या आकाराचा टीव्हीचा अँटेना आहे. आत भिंतीवरील पट्टीचे बटण दाबले की तिथला छोटा दिवा लागतो, त्यामुळे सिग्नल वाढवणारा बूस्टर चालू आहे असे आम्ही धरून चाललो आहोत. तरीही मुक्कामाच्या ठिकाणी मोजक्याच वाहिन्या मिळतात. त्यांतील निम्म्यांवर चित्राचे चौकोन होऊन ते गोठते आणि आवाजही मध्येच तुटतो. शेजारी उभ्या असलेल्या ट्रेलरमध्ये मात्र त्याच वेळी स्वच्छ चित्र दिसत असते. झोपण्याच्या खोलीतील दुसऱ्या टीव्ही संचावर तर जवळजवळ काहीच लागत नाही. मोठा अँटेना घ्यावा की केबलमध्ये आणखी एक बूस्टर जोडावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – तारजोड

शेजाऱ्यांना स्वच्छ चित्र मिळते, हा तुमच्या प्रश्नातील सर्वांत उपयोगी तपशील आहे. याचा अर्थ सिग्नल तिथपर्यंत पोहोचतो आहे आणि बहुधा तुमच्या छतापासून संचापर्यंतच्या वाटेत कुठेतरी अडतो आहे. त्यामुळे खरेदीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

अशा बहुतेक अँटेनांमध्ये बूस्टर भिंतीवरच्या पट्टीत नसून छतावर अँटेनाच्या डोक्यातच असतो, आणि ज्या कोअ‍ॅक्स केबलमधून सिग्नल खाली येतो तिच्यातूनच पट्टी त्याला सुमारे 12 व्होल्टचा डीसी पुरवठा वर पाठवते. दिवा लागला म्हणजे पट्टीपर्यंत वीज आली, एवढेच कळते. ती वर पोहोचली की नाही हे दिवा सांगत नाही. शिवाय वीज न मिळालेला बूस्टर नुसता निरुपयोगी ठरत नाही, तर आलेला बराचसा सिग्नल अडवून धरतो. म्हणून बटण चालू ठेवून, छतावर अँटेनाला जिथे केबल येऊन मिळते तिथला जोड सोडावा आणि केबलच्या टोकाची मधली तार व भोवतालचे धातूचे कडे यांच्यात मल्टिमीटर लावून पाहावे. आकडा 12 ते 14 व्होल्टच्या दरम्यान यायला हवा. शून्य आला, तर पाणी शिरून गंजलेला जोड, दांड्याच्या सांध्यापाशी वारंवार वाकून तुटलेली तार, किंवा पट्टी आणि अँटेना यांच्यामध्ये कोणी बसवलेला, डीसी पुढे जाऊ न देणारा स्प्लिटर (एक सिग्नल अनेक संचांना वाटून देणारा जोड), यांपैकी काहीतरी बहुधा सापडते.

याच पट्टीची आणखी एक बाब अनेकांना ठाऊक नसते. बटण बंद केले की अशा बहुतेक पट्ट्या संचाला अँटेनापासून तोडून ट्रेलरच्या बाहेरील केबल-जोडणीकडे वळवतात. वाहिन्यांचा शोध घेताना बटण बंद राहिले असेल, तर अँटेना कितीही चांगला असला तरी हाती काही लागणार नाही.

उत्तर – उंच मनोरा

वरील तपासणी आधी करावी, हे मान्यच आहे. पण दिशेकडेही दुर्लक्ष होऊ नये. पंखांच्या आकाराचा अँटेना विशिष्ट दिशांनाच चांगला पकडतो, त्यामुळे दर मुक्कामी तो प्रक्षेपण मनोऱ्याकडे वळवून वाहिन्यांचा शोध नव्याने घ्यावा लागतो. वळवताना घाई करू नये. डिजिटल चित्र एकतर नीट येते किंवा कोसळते, आणि दिशा बदलल्यावर ते स्थिरावायला काही सेकंद जातात. संचाच्या सेटिंगमध्ये सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता असे दोन आकडे दिसत असतील, तर गुणवत्तेच्या आकड्याकडे पाहावे.

अंतराची मर्यादाही लक्षात असावी. मनोरा 300 मीटर उंच आणि तुमचा अँटेना जमिनीपासून 4 मीटरवर असेल, तर सपाट प्रदेशातही साधारण 80 किलोमीटरनंतर पृथ्वीची वक्रता आड येते. खोक्यावर छापलेल्या त्याहून मोठ्या पल्ल्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही. जवळची ओली, दाट झाडे यूएचएफ (जास्त वारंवारतेचा) सिग्नल बराच शोषून घेतात, आणि शेजारच्या ट्रेलरच्या पत्र्यावरून परतणाऱ्या लहरी मूळ लहरींशी भिडून त्यांना क्षीण करू शकतात. 500 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 60 सेंटिमीटरच असते, त्यामुळे ट्रेलर अर्धा मीटर पुढेमागे घेतल्यानेही कधीकधी फरक पडतो. निघताना अँटेना खाली घेण्याचे विसरू नये म्हणून गाडीची किल्ली त्याच्या दांड्याच्या मुठीलाच अडकवून ठेवणे उत्तम.

भटकंती

तारजोड यांच्या सांगण्याप्रमाणे मोजले. पट्टीपाशी 13 व्होल्टहून थोडे अधिक, छतावरच्या टोकाला शून्य. जोडावरचे रबरी टोपण काढले तेव्हा आत हिरवट थर बसलेला होता आणि मधली तार काळी पडून मोडली होती. केबलचे टोक कापून नवा जोड बसवल्यावर वरही तेवढेच व्होल्ट मिळू लागले आणि वाहिन्या लक्षणीय वाढल्या. मात्र एक वाहिनी रात्रीच तुटते, आणि झोपण्याच्या खोलीतील संच अजून मागे आहे.

उत्तर – तारजोड

नव्या जोडावर पाणी न शिरू देणारी टेप गुंडाळून घ्यावी, नाहीतर काही काळाने तोच हिरवा थर पुन्हा बसेल.

रात्रीच तुटणाऱ्या वाहिनीबाबत माझा संशय एलईडी दिव्यांवर आहे. हलक्या प्रतीच्या दिव्यांतील सर्किट रेडिओ-गोंगाट पसरवते आणि त्याचा त्रास व्हीएचएफ (कमी वारंवारतेच्या) वाहिन्यांना अधिक होतो. संचावर दिसणारा वाहिनीचा क्रमांक प्रत्यक्ष वारंवारतेचाच असेल असे नाही, म्हणून क्रमांकावरून निष्कर्ष काढू नये. त्याऐवजी वाहिनी लावून दिवे, बॅटरीचा चार्जर आणि इन्व्हर्टर एकेक करून बंद करावेत. ज्याच्या बंद होण्याने चित्र सावरेल, तोच दोषी.

दुसऱ्या संचाकडे जाणारा सिग्नल स्प्लिटरमध्ये विभागला जातो. दोन फाट्यांच्या साध्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक फाट्याला सुमारे 3.5 डेसिबलची घट होते, म्हणजे निम्म्याहून कमी शक्ती पुढे जाते. त्यात जुनी, बारीक केबल असेल तर ती बदलून आरजी-6 प्रकारची जाड केबल टाकावी. केबलमध्ये दुसरा बूस्टर जोडणे मात्र टाळावे, कारण तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो आणि मनोरा जवळ असलेल्या मुक्कामी संचाचा ट्यूनर अतिभाराने कोलमडू शकतो. तशा ठिकाणी अँटेना मनोऱ्यापासून थोडा वळवून ठेवला तरी काम भागते.