शब्दचर्चा: ‘काउंटी बरो’ला मराठीत काय म्हणायचं?

अडलेली अनुवादक: मंडळी, एका शब्दापाशी दोन दिवस अडून बसलेय. वेल्समधल्या अबरव्हॅनच्या दुर्घटनेवरचा मजकूर मराठीत करतेय आणि त्यात दर चार ओळींनी ‘मर्थर टिडफिल काउंटी बरो कौन्सिल’ येतं. काउंटी म्हणजे परगणा, मग काउंटी बरो म्हणजे परगण्यातलं शहर असेल असं धरून मी ‘तालुका नगरपालिका’ ठोकून दिलं, तर तपासणाऱ्यांनी त्यावर लाल रेघ मारून परत पाठवलं. काय करू?

रिकामटेकडा: तालुका अजिबात नको तै, अर्थ पार उलटा होतो. बरो म्हणजे स्वतःची नगरपालिका असलेलं गाव, आणि काउंटी बरो म्हणजे काउंटीच्या हाताखालचं बरो नव्हे, काउंटीच्या हाताखालून सुटलेलं बरो! १८८८ च्या कायद्यात हा प्रकार आला, साधारण ५० हजार वस्तीचं गाव असेल तर त्याला काउंटी कौन्सिलचेही अधिकार मिळायचे. वेल्समध्ये १९७४ पर्यंत असे चारच झाले, कार्डिफ, स्वान्सी, न्यूपोर्ट आणि सगळ्यात शेवटी १९०८ साली मर्थर. नकाशात बघाल तर ग्लॅमॉर्गन काउंटीच्या पोटातच, पण शाळा, रस्ते आणि १९६९ पर्यंत तर पोलीससुद्धा घरचे.

अडलेली अनुवादक: अच्छा, म्हणजे अबरव्हॅनची ती गाडली गेलेली शाळा कौन्सिलचीच?

रिकामटेकडा: हो ना, म्हणून तर शब्द नीट हवा. पँटग्लास शाळा कौन्सिलची आणि डोंगरावरचा खाणीच्या मातीचा ढिगारा राष्ट्रीय कोळसा बोर्डाचा. १९६३ मध्येच कौन्सिलच्या इंजिनिअरांनी शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या गाळाच्या धोक्याबद्दल पत्रं लिहिली होती. २१ ऑक्टोबर १९६६ ला तो ढिगारा खाली आला, १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. ही सगळी पत्रापत्री तुम्ही तालुका नगरपालिकेच्या नावावर टाकलीत तर वाचणाऱ्याला वाटणार वर कुणी जिल्ह्याचा साहेब असेल, त्याने काय केलं? तर तसा कुणी नव्हताच.

कार्डिफ रिटर्न: मी दोन वर्षं कार्डिफला होतो म्हणून मध्ये बोलतो. आधी उच्चार, वेल्शमध्ये एकटा एफ म्हणजे व्ह, तुम्ही अबरव्हॅन बरोबर लिहिलंय आणि टिडफिल चुकलंय, ते टिडव्हिल. आणि मर्थर म्हणजे संताच्या समाधीवरचं देऊळ म्हणा हवं तर, टिडव्हिल ही ब्रिचान राजाची मुलगी, तिला तिथे मारलं अशी दंतकथा आहे.

आता भूगोल. टॅफ नदीचं खोरं वर जिथे संपतं तिथे हे गाव, कार्डिफपासून पस्तीसेक किलोमीटर, दोन नद्या येऊन टॅफ होते ती इथेच, उत्तरेला उघडे बोडके डोंगर आणि दक्षिणेला ट्रेहॅरिसपर्यंत नुसती खोऱ्याची चिंचोळी पट्टी, घरंसुद्धा उतारावर रांगेने एकाला एक चिकटून. लोखंडाचं खनिज, कोळसा, चुनखडी, पाणी सगळं हाताशी, म्हणून डाऊलाइस, कव्हार्थव्हा, पेनिडॅरन, प्लिमथ असे चार मोठे लोखंडाचे कारखाने. १८०४ मध्ये ट्रेव्हिथिकचं वाफेचं इंजिन रुळांवरून धावलं ते पेनिडॅरनमधूनच. १८५१ ला वस्ती ४६ हजार! आणि तरी साध्या बरोचा दर्जा १९०५ ला, म्हणजे भरभराट होऊन गेल्यावर टोपी घातली डोक्यावर.

मोडीवाला: आणि ती टोपी काढायचीही पाळी आलीच होती हो. तिसाच्या दशकातल्या मंदीत बेकारी इतकी की गरिबांच्या मदतीचा खर्च झेपेना, तेव्हा १९३५ ला रॉयल कमिशनने सांगितलं काउंटी बरोचा दर्जा काढा, पण काढला नाही. गेला तो १९७४ ला, मर्थर मिड ग्लॅमॉर्गन या नव्या काउंटीच्या हाताखालचा एक डिस्ट्रिक्ट झालं. गंमत म्हणजे मिड ग्लॅमॉर्गनचं मुख्यालय कार्डिफमध्ये, जे मिड ग्लॅमॉर्गनमध्ये नव्हतंच. १९९६ ला वेल्सचे २२ भाग केले तेव्हा मर्थर परत काउंटी बरो, पण आता काउंटी आणि काउंटी बरो यांच्या अधिकारात फरक नाही, नावापुरतं आहे. वस्तीने मर्थर या २२ मध्ये सगळ्यात लहान.

बाकी ‘बरो’ आपल्याला परका नाही बरं का. १९२५ चा मुंबई इलाख्याचा बरो म्युनिसिपालिट्यांचा कायदा होता, जुन्या कागदांत ‘बरो म्युनिसिपालिटी’ सर्रास दिसतं, १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानंतर ते मागे पडलं.

गोंयकार: आमच्याकडे बरो म्हणजे चांगला 😄 ‘काउंटी बरो’ वाचून मला वाटलं काउंटी चांगली आहे, मग वाईट काय?

अडलेली अनुवादक: 😄 बरं, ठरलं. ‘काउंटी बरो’ तसंच ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘जिल्ह्याचे अधिकार असलेली नगरपालिका’ असं उलगडून देते.

रिकामटेकडा: चालेल, पण फक्त १९६६ साठी. पुढे मजकुरात आजचं कौन्सिल आलं तर नगरपालिका म्हणू नका, कारण १९७४ ला शेजारच्या ब्रेकनॉकशरमधलं केव्हन कोइड आणि खालचं बेडलिनॉगही त्यात आलंय, हद्द तीच राहिलेली नाही.

अडलेली अनुवादक: आलंय ना, शेवटच्या प्रकरणात. मेले.